टीव्हीसमोरचं भांडण

काय कामाची आहे हेच ठाऊक नसलेल्या वस्तूचा भाव मी आयुष्यात एकदाच केला.

मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या घरातलं सामान विकायला निघालं. त्यात व्हिडिओ गेमचं एक जुनं यंत्र होतं. मुलाने मला बरोबर नेलं, कारण त्याला मागितलेला भाव मुकाट्याने देऊन यायची सवय आहे आणि ती त्याने माझ्याकडून घेतलेली नाही. वाटेत गाडीवर त्याने समजावलं, "हातात काही धरायचं नसतं, आई. टीव्हीखाली एक पट्टी ठेवायची, तिच्यात कॅमेरा असतो. आपण समोर उभं राहून हात हलवले की टीव्हीतला माणूस तसाच हात हलवतो."

"बरं, मग?"

"मग अण्णांचा व्यायाम होईल."

साहेबांच्या मिसेसनी यंत्र खोक्यातून काढलं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि धुळीचं बोट त्यांना दाखवलं. "तुमची मुलंसुद्धा खेळत नाहीत वाटतं."

"अहो मावशी, ही चीज आता मिळत नाही. कंपनीने बनवायचं बंद केलंय."

"म्हणजे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? बघा, भाव तुम्हीच पाडलात."

मुलगा चपलांच्या कपाटाकडे जाऊन उभा राहिला. पुढचं त्याला ऐकवेना. निघताना यंत्र, दोन वायरी आणि त्यांच्या स्वयंपाकघरातलं एक स्टूल असं सगळं माझ्या मांडीवर होतं. ते स्टूल अजून आहे.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो माझा नवरा. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. नशीब म्हणून वेळेत दवाखान्यात पोहोचलो. बोलणं परत आलं, पायही आला, काठी घेऊन का होईना घरात चालायला लागले. डावा हात मात्र आला नाही. खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबायचा, आणि कोणी भेटायला आलं की ते त्यावर शाल ओढून घ्यायचे.

दुसऱ्या कोणाचा डावा हात गेला असता तर कदाचित निभावलं असतं. आमचा फुलांचा गाळा आहे. पहाटे बाजारात जाऊन मखमलाबाद, आडगाव, दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांशी भांडून फुलं आणायची हे माझं काम आणि त्या फुलांचे हार करायचे हे यांचं. मोठा हार गुंफताना बघणाऱ्याला वाटतं, सगळं काम उजवा हात करतोय, कारण लांब सुई त्याच्यात असते. पण फुलं चेपून धरतो तो डावा. दोऱ्याला ताण देतो तो डावा. त्यांचा हार दिवसभर टांगला तरी त्याच्यात फट पडायची नाही. लोक लांबून यायचे ते त्यासाठी. माझ्या बोलण्याला भुलून आलेलं गिऱ्हाईक मला तरी आठवत नाही.

मी चांदवडकडची. वडील बाजार समितीत हमाल होते, त्यामुळे लहानपणी मी खेळले ते कांद्याच्या ढिगांमध्ये आणि शिकले ते लिलावाच्या आरोळ्यांमध्ये. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा आमच्याकडे फूटपाथवरची एक टोपली होती. पोलिसांची गाडी आली की टोपली उचलून पळायचं आणि गेली की परत मांडायची, असं करत करत आम्ही गाळ्यापर्यंत आलो. कोणी हात धरून आणलं नाही. म्हणून जे आमच्या हातून निघून गेलं त्याचं मला जास्त लागतं.

आणि निघून गेला तो एका देवळाचा रोजचा हार. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मिळालेलं काम. ऊन असो, पाऊस असो, घरात लग्न असो की मयत, तो हार माझ्या नवऱ्याच्या हातचा जायचा. हे दवाखान्यात पडले आणि माझा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. दादा बरा होईपर्यंत मी बघतो." दिराला हार करायला शिकवलं यांनीच. त्याचा गाळा आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. 'बरा होईपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत, हे मी त्या दिवशी ठरवून घेतलं नाही. बाजारात कोणी एवढं मोघम बोललं असतं तर मी त्याला पुढे बोलू दिलं नसतं. दवाखान्याच्या बाकावर बसून कोण भाव करतं? रोज सकाळी तो हार त्याच्या गाळ्यातून जाताना मला दिसत होता. सैल हार. मी कोणाला बोलले नाही असं नाही. सगळ्यांना बोलले.

तर आमच्या घरी त्या वेळी एकच प्रश्न होता. तो डावा हात परत येणार की नाही. आला तर गाळा त्यांचा. नाही तर ते म्हणत होते, "विकून टाक. मी तिथं गल्ल्यावर शोभेला बसणार नाही."

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट यायची. तरुण मुलगी, आवाज मऊ, पण आत लोखंड. ती असेपर्यंत हे सगळं करायचे. तिची स्कूटर फाटकाबाहेर पडली की हात परत मांडीवर. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुम्ही जेवढ्या वेळा सांगता त्याच्या निम्म्याच वेळा करतात ते. तुम्ही दुप्पट सांगत जा."

"काकू, ही काय भाजी आहे का?" ती हसली. "त्यांना करावंसं वाटलं पाहिजे. ते तुम्ही बघा."

मी बघितलं. म्हणजे ओरडून बघितलं. माझा आवाज गाळ्यातून रस्त्यापलीकडे जातो, घरात तर भिंतींना धडकतो. ते डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसाने उभं आयुष्य मला उलटं उत्तर दिलं तो डोळे मिटून घेतो, याची मला जास्त भीती वाटायला लागली.

म्हणून ते यंत्र आलं. फिजिओची परवानगी मुलाने आधीच घेतली होती. तिच्या अटी होत्या: हात नसलेली, भक्कम पाठीची खुर्ची, मागे कायम एक माणूस उभा, खाली सतरंजी नको, आणि दमले की बंद. "आणि हे माझ्या व्यायामाच्या ऐवजी नाही, वरचं आहे," असं तिने दोनदा बजावलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाहेर काढला, मुलगा खुर्चीमागे उभा राहिला. मुलाने बॉक्सिंग लावलं, कारण त्यात दोन्ही हात लागतात. समोर खेळायला कोण? सून. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, त्यातले निम्मे महिने तिने सासऱ्यांच्या आजारपणात काढलेले. सासऱ्यांसमोर ती अजून पदर नाही तर ओढणी सारखी करून बोलायची. तिला मुलाने सांगितलं, "तू अण्णांना ठोसे मारायचे."

"मी? अण्णांना?"

"खरे नाहीत गं. टीव्हीत."

ती पुढे झाली, ओढणी खोचली, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी वळून वाकून यांच्या पाया पडली. "चुकलं तर माफ करा हं, अण्णा."

आता गंमत अशी की खेळ तोवर सुरू झालेला. कॅमेऱ्याला वाटलं, हिने वाकून वार चुकवला. टीव्हीतल्या तिच्या बाईने असं काही झोकात डोकं खाली घातलं की मुलगा खुर्चीमागे हसत सुटला. सून बावरली, तिला वाटलं काहीतरी मोडलं. मग प्रत्येक ठोशाला ती आधी "सॉरी अण्णा" म्हणायची आणि मग हात उगारायची, तोपर्यंत वेळ निघून जायची. हे उजव्या हाताने दोनचार वेळा हवेत मारून थांबले. डावा मांडीवर. टीव्हीतला त्यांचा माणूसही तसाच एका हाताने उभा. हे त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बंद करा. हाही लुळा झाला."

त्यानंतर बरेच दिवस ते खेळायला बसायचे ते सुनेचं मन मोडू नये म्हणून. उजवा हात चालवायचे. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मनात साहेबांच्या मिसेसना शिव्या घालायचे. त्यांनीच मला फसवलं असं वाटायला लागलं होतं.

गुढीपाडवा जवळ आला होता. संध्याकाळची वेळ, खेळ चालू, आणि दिराचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, हातात कणीक होती म्हणून.

"वहिनी, पाडव्याचा मोठा हार मीच करतोय बरं का. देवळात सांगून ठेवलंय. तुम्ही ताण घेऊ नका."

मी काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "हो हो, कर तू."

फोन बंद झाला. मी कणकेच्या हातांनीच बाहेर आले. सून बाजूला सरकली, मी तिच्या जागी. टीव्ही माझ्या पाठीशी, समोर नवरा. टीव्हीबिव्ही माझ्या डोक्यातही नव्हतं.

"हो हो कर? तुम्ही कोण हो परवानगी देणारे? तो हार आपला आहे!"

"हार देवाला जातो. त्याच्या घरी जात नाही."

"सैल हार जातो! देव बोलत नाही म्हणून काहीही गळ्यात घालायचं?"

"अगं, त्याने धरून ठेवलं म्हणून काम टिकलं. नाहीतर तिसऱ्याकडे गेलं असतं."

"वा! म्हणजे मी त्याला शाल-श्रीफळ द्यायचं का आता?"

मी भांडताना हात हलवते. लिलावात वाढलेल्या माणसाचा आवाज नुसता तोंडातून निघत नाही, तो खांद्यापासून निघतो. उजवा हात असा, डावा तसा, बोट त्यांच्याकडे, मग रस्त्याकडे, मग वर देवाकडे. आणि माझ्या पाठीमागे टण्टण् घंटा वाजायला लागली. मी लक्ष दिलं नाही.

"शिकवलं कोणी त्याला? सुई धरायला कोणी शिकवलं?"

"मी शिकवलं! म्हणून काय जन्मभर सुनावत बसू?"

"सुनावू नका, हात चालवा! तुमचा हात असता तर त्याची हिंमत होती?"

"हात कुठंय माझा?" ते ओरडले. "कुठंय हात? दाखव मला!"

"खांद्याला आहे! तुम्हीच त्याला झोपवून ठेवलाय, शाल पांघरून!"

"गप्प बस तू आधी!" आणि ते म्हणताना त्यांचे दोन्ही हात वर आले. उजवा माझ्या तोंडासमोर, आणि डावा छातीपर्यंत. मग त्याहून वर. थरथरत, बोटं मिटलेली, पण वर. नेहमी भांडणात यायचा तसा.

"अण्णा, डावा!" सून किंचाळली.

त्यांनी हाताकडे बघितलं आणि तो लगेच खाली पडला. मुलगा खुर्चीमागे तोंडावर हात ठेवून उभा होता. मी वळून बघितलं. टीव्हीत माझ्यासारख्या हातवाऱ्यांची एक बाई दोन्ही मुठी वर करून नाचत होती आणि तिच्या पायाशी एक माणूस उताणा पडला होता. पट्टीने मला खेळाडू समजून माझा प्रत्येक हातवारा ठोशात धरला होता.

"कोण पडलंय ते?" यांनी विचारलं.

"तुम्ही, अण्णा," सून म्हणाली. "आईंनी पाडलं."

मग ते हसायला लागले. दवाखान्यातून आल्यापासून मी ऐकलं नव्हतं ते हसू, खोकला येईपर्यंतचं. "इतकी वर्षं हेच करतेय ती," म्हणाले, "आज कुठं कोणीतरी गुण दिले."

मी त्या रात्री मनाशी हिशेब मांडला. व्यायाम म्हटलं की हात मरतो आणि भांडण म्हटलं की जिवंत होतो. मग काय, माल आपल्याकडे भरपूर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ लावला आणि मी सरळ सुनेला बाजूला करून उभी राहिले. "तुमच्या बहिणीच्या लग्नात मला जी साडी दिली होती..."

"सुरू झालं," ते म्हणाले. पण डावा खांदा हलला.

फिजिओला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "काकू, झटका येऊन गेलेल्या माणसाला तुम्ही चिडवताय? ब्लड प्रेशर वाढलं म्हणजे?" तिचं बरोबर होतं, आणि तिचं बरोबर आहे हे मला तिथंच कळलं, म्हणून मी जरा जास्तच जोरात बोलले. शेवटी सौदा झाला. भांडण करायचं, पण खोटं. खेळाच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजायचं. ते मोजायचं काम सुनेकडे.

सून त्या प्रेशरच्या मशीनची मालकीण झाली आणि घराचीही थोडी झाली. तिने पहिलाच नियम केला, "समोरच्या गाळ्यातल्या काकांचा विषय बंद. त्या विषयाला अण्णांचा आकडा वर जातो."

"आणि माझा?" मी विचारलं.

"बघू ना," म्हणून तिने पट्टा माझ्या दंडाला बांधला. तिने आकडा बघितला. पुन्हा मोजला. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि तेव्हापासून मीही रोज एक गोळी घेते. डॉक्टरांनी मला विचारलं, काही व्यायाम करता का? मी म्हटलं, नवऱ्याशी बॉक्सिंग करते. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

असं ते आमचं चालू झालं. विषय हलके ठेवायचे. शेवंती चांगली की निशिगंध. कोणत्या हॉटेलच्या मिसळीचा रस्सा पाणचट झालाय. माझ्या वडिलांनी लग्नात यांना दिलेलं घड्याळ कसं महिन्याभरात बंद पडलं. "बंद नाही पडलं, तुम्ही त्याला पाणी पाजलंत!" हात वर. "पाणी कशाला पाजीन, ते मुळातच तहानलेलं होतं!" डावा हात वर, आता खांद्याच्या रेषेला. मुलगा शिफ्टवरून आला की कपडे न बदलता मध्ये घुसायचा आणि पाच मिनिटांत धापा टाकत बसायचा. पोट सुटलं होतं त्याचं. सुनेचं "सॉरी अण्णा" कधी बंद झालं कळलं नाही. एका संध्याकाळी तिने सासऱ्यांना असं काही पाडलं की स्वतःच टाळी द्यायला हात पुढे केला आणि मग जीभ चावली. यांनी टाळी दिली. डाव्या हाताने. टाळी कसली, हात नुसता येऊन टेकला.

बोलिंगचाही एक खेळ होता. चेंडू सोडायची वेळ साधली नाही की तो मागे उडायचा आणि टीव्हीतली बघणारी माणसं घाबरून उड्या मारायची. यांचा रोज मागे जायचा. पहिल्यांदा त्यांनी रागाने तोंड फिरवलं. नंतर ती माणसं उड्या मारताना बघायला म्हणून मुद्दाम मागे टाकायला लागले. शाल कुठेतरी कपाटात गेली. शेजारचे कोणी आले तरी हात उघडा मांडीवर असायचा, आणि मी ते बघायचे, पण बोलायचे नाही. बोललं की बिघडतं हे मलाही कळतं, कधी कधी.

मला वाटलं, जिंकलो. पावसाळा संपत आला होता, हात डोक्याच्या वर जात होता. फिजिओ तपासायला आली तेव्हा मी पेढे आणून ठेवले होते. तिने खांदा बघितला, कोपर बघितलं, "छान, काका, खूपच छान." मग तिने कपडे वाळत घालायचा एक चिमटा टेबलावर ठेवला. "हा उचला."

त्यांनी हात नेला. बोटं चिमट्यावर पडली. चिमटा सरकला, खाली पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "त्या कॅमेऱ्याला बोटं दिसत नाहीत. त्याला फक्त हात कुठं आहे ते दिसतं. मूठ उघडली की मिटली, त्याला फरक पडत नाही. म्हणून काकांनी बोटांना काही कामच दिलेलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग इतके महिने आम्ही काय पोरखेळ केला? हार काय खांद्याने करायचा का? आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं होतं, हे वरचं आहे म्हणून." तिने आवाज चढवला नाही. "आणि खांदा आला नसता तर बोटं कशाच्या आधाराने हलवणार होतात? आता बोटांचं सुरू करू. किती येतील ते मी सांगू शकत नाही. सगळी येतील असं वचन देत नाही."

मी तिच्याशी आणखी भांडले असते. पण खुर्चीतून आवाज आला, "अगं, तो चिमटा दे इकडं."

मी उचलून दिला. त्यांनी परत प्रयत्न केला. परत पडला. आम्ही तिघी उभ्या आणि त्यांचा हात सगळ्यांच्या समोर नापास होतोय. झटक्यानंतरचे पहिले महिने मला आठवत होते. तेव्हा असं एकदा जरी झालं असतं तरी ते आठवडाभर बोलले नसते. आणि आता ते चिमट्याकडे बघून म्हणाले, "हाही मागं उडाला." सून फिसकन हसली. तेही हसले, आणि पुन्हा हात नेला.

मला तेव्हा उमजलं की त्या यंत्राने आम्हाला काय दिलं. खांदा तर दिलाच. पण रोज संध्याकाळी घरच्यांसमोर चुकायची, पडायची, हरायची त्यांना सवय झाली होती. बोटांच्या व्यायामात माणूस दिवसातून शंभर वेळा हरतो. ती हार पचवायची ताकद नसती तर तो चिमटा त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर फेकला असता.

मग चिमटे, कणकेचा गोळा, बाटल्यांची झाकणं, माळेचे मोठे मणी. कणीक मळायला बसले की "तुझ्या पोळ्या आता मऊ होतील" असं मला ऐकवायचे. एक दिवस बाजारातून येताना त्यांचा फोन आला. "थोडा झेंडू घरी आण. मोठा. बारीक फूल बोटांत धरवणार नाही."

स्वतःहून फूल मागायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं. मी त्या दिवशी शेतकऱ्याच्या क्रेटमधून एकेक फूल वेचून काढलं. तो वैतागला. "मावशी, असं निवडून कोणी नाय नेत. ढीग घ्या नायतर सोडा."

"ढीगच घेते. वरचा," मी म्हटलं.

घरी ताटात फुलं ओतली. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं थोडीफार येत होती, उरलेली दोन आली नव्हती. अजून आलेली नाहीत. पहिल्या दिवशी निम्मी फुलं जमिनीवर गेली. आठवड्यानंतर सरळ एक पदर झाला. मोठा हार नाही, गजरा नाही, नुसता ओवलेला पदर. ते म्हणाले, "दसऱ्याला मी गाळ्यावर येतो."

दसऱ्याला नाशकात झेंडूचा जो चिखल होतो तो ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल. पहाटेपासून माणसांची रीघ. मुलाने सुट्टी घेतली, सून पिशव्या भरत होती, मी गल्ल्यावर आणि तोंडावर. हे आत, भिंतीला पाठ लावून, पुढ्यात झेंडूचा ढीग. पलीकडून दीर बघत होता. एकदा येऊन म्हणाला, "दादा, बसलास होय. बरं केलंस." देवळाच्या हाराबद्दल त्याने काही म्हटलं नाही. मीही नाही, कारण सून माझ्या पाठीशीच उभी होती. पण तो विषय मी काढणार आहे. मी विसरलेले नाही.

दुपारच्या सुमाराला एक बाई आली. दाराला लावायचं तोरण पाहिजे होतं तिला. मी यांनी केलेलं एक उचलून दिलं. तिने ते हातावर घेतलं, ताणून बघितलं. "हे विरळ आहे हो. फटी आहेत बघा मध्ये. किंमत कमी करा."

फटी होत्या. यांच्या हातच्या तोरणात फटी. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे आतून म्हणाले, "ताई, वर्षाने काम करतोय हा हात. झटका येऊन गेलाय. विरळ आहे तेवढं कमी द्या."

बाईचा चेहरा लगेच उतरला. "अरे देवा. नको नको, काका, मी पूर्ण देते," म्हणत तिने पर्स उघडली.

मला काय झालं ठाऊक नाही. मी तोरण तिच्या हातातून काढून घेतलं. "थांबा. पूर्ण नको आणि कमी नको. विरळ माल आमच्याकडे विकत नाहीत." आणि आत वळून म्हटलं, "अहो, गाळ्यात फुलं विकायची. आजारपण विकायचं नाही."

सून पिशव्या भरायची थांबली. तिने बहुतेक प्रेशरच्या मशीनचा विचार केला असेल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. "दे इकडं."

गाठ सोडली. फुलं मांडीवर सुटी झाली. सुई उजव्या हातात घेतली आणि एकेक फूल डाव्या तीन बोटांत धरून ओवायला सुरुवात केली. प्रत्येक फुलानंतर ते थांबायचे, अंगठ्याने फूल मागच्या फुलावर दाबायचे, ते निसटायचं, पुन्हा दाबायचे. कपाळावर घाम आला होता. त्या बाईला घाई असणार, दसऱ्याला कोणाला नसते? पण तिने पर्स बंद केली आणि बाजूचा रिकामा क्रेट उपडा करून त्यावर बसली.

"किती वेळ लागेल, काका?" तिने विचारलं, दयेने नाही, गिऱ्हाईक विचारतं तसं.

"लागेल थोडा," ते मान वर न करता म्हणाले. "पण घट्ट होईल."

मागे गर्दी तुंबली होती. मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय पाहिजे.